डाव्या पायांची वही

एप्रिलातल्या एका रविवारी उपासना संपली
की आम्ही बाकं भिंतीला सरकवतो
आणि फरशीवर रद्दीचे पेपर पसरतो.
पोर उभं राहतं. मी पेन्सिल फिरवते
टाचेपासून अंगठ्यापर्यंत, करंगळीवरून परत.
फक्त डावा पाय.
उजवा तेवढाच असतो असं धरून चालायचं,
दानिएलभाऊ म्हणतात, कागद वाचतो.

नंदुरबारच्या उन्हातून आलेले पाय.
फरशी गार, म्हणून माप झालं तरी हलत नाहीत.
गुदगुल्या झाल्या की रेघ बिचकते
आणि एखाद्याला सहावं बोट फुटतं.
पायाच्या आत मी नाव घालते:
शिमोन वळवी, चौथी.
नजमा मण्यार, दुसरी.
कुणाची टाच कापसाच्या भावावर,
कुणाचा अंगठा दहाव्याच्या जाहिरातीवर.
मंडळीबाहेरच्यांचीही मापं घ्यायची का,
असं एकदा कुणीतरी विचारलं होतं.
पाळकसाहेब म्हणाले, पाय आत आलाय ना?
मग लिहा.

वच्छला मिरचीच्या पथारीवर देठं खुडते.
तिने हात पाठीमागे धरलेले,
वर्गाबाहेर उभं केल्यासारखे.
‘बाई, तुम्हीच धरा पाय. मना हातले मिरची शे.’
मी धरला.
भावडू मला फुशारकीनं सांगत होता
की त्याचं तोंड तो स्वतःच धुतो,
तीन वर्षांचा होता तेव्हापासून.

बूट आले, आणि मागोमाग पुण्याहून पत्र:
वाटपाचे फोटो पाठवा, चेहरे स्पष्ट दिसावेत.
दानिएलभाऊंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं,
छत्तीस डाव्या पायांतली नावं खोडली
आणि पायच पाठवून दिले, रजिस्टर पोस्टानं.
उत्तर अजून नाही.

जूनमध्ये खोकी उघडली
तर एकही बूट आपल्या नावाला होईना.
सुट्टीत देवानं सगळ्यांना बोटभर वाढवलं होतं,
आम्हाला न कळवता.
मग पोरंच फरशीवर बसली आणि बाजार मांडला.
शिमोनचा भावडूला,
भावडूचा नजमाला,
एकानं तर एक बूट याचा, एक त्याचा घातला,
आणि मापात बसले दोन्ही.
रजिस्टरात सही एकाची, बूट भलत्याच्या पायात.
दानिएलभाऊ तीस वर्षं रेल्वेत पार्सल क्लार्क,
एवढी पार्सलं एकदम चुकून
मुक्कामाला पोचलेली त्यांनी पाहिली नव्हती.

शेवटी उरले ते दोघं:
सगळ्यात लहान बूटजोड, कुणालाच न होणारा,
आणि सगळ्यात मोठा याकोब, नववीतला,
ज्याच्या वर सरकायला कुणी नव्हतं.
‘चपलेवर भागवतो मी,’ तो म्हणाला
आणि उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.
जुलैचं पान. जून अजून संपायचा होता.

दुकानदार म्हणाला, बदलून देतो,
पण वर एकशे ऐंशी पडतील.
ते कुणी दिले मला माहीत आहे.
वहीत नाहीत.

दिवेलागणीला वच्छला आली, पेपरचं पुडकं घेऊन.
गेल्या सालचे बूट. धुतलेले,
तळवा दोऱ्यानं शिवलेला, नाड्या नव्या.
‘मांगना सालना. कोन्हाले तरी व्हई जातीन.’
या वेळी हात पुढे होते, दोन्ही.
मी पुडकं सोडलं आणि शिंकले.
दानिएलभाऊ शिंकले.
आत पाळकसाहेब प्रार्थनेच्या शेवटाला आलेले,
त्यांचं आमेन तीनदा झालं.

बूट कपाटात ठेवलेत, पुढच्या सालासाठी.
दोनदा उन्हात टाकले, मिरची काही जात नाही.
ज्याच्या पायात बसतील
तो शिंकत शाळेत जाईल, एवढंच.